अलास्काची सहल आणि देवकाचे खांब

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी गटाची बैठक आटोपून नुकत्या घरी आला असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐकत राहा.

आज एका नवराबायकोच्या सहलीची गोष्ट सांगते. सहल आगबोटीतून, तीही बर्फाच्या मुलखातली. साल होतं १८९९. गोष्ट खरी आहे. या सहलीत मौज होती, शास्त्र होतं, आणि जाता जाता एका गावाचं देणंही डोक्यावर झालं. ते देणं फिटायला एकशे दोन वर्षं लागली.

आधी मुलूख समजून घेऊ. अमेरिका खंडाच्या अगदी वरच्या, वायव्येच्या कोपऱ्यात अलास्का आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाचपट. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि डोंगरांच्या मधून हिमनद्या आलेल्या. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ दाबून दाबून घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतो. समुद्राशी पोचला की त्याचे घराएवढाले कडे तुटून पाण्यात कोसळतात. आवाज तोफेसारखा होतो. हे बघायला माणसं लांबून येतात.

हा मुलूख पूर्वी रशियाच्या ताब्यात होता. १८६७ साली रशियाने तो अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला. तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांना ना विकणाऱ्याने विचारलं, ना घेणाऱ्याने. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर राहणारे लोक त्लिंगित. आपली आजची गोष्ट त्यांच्याशी जोडलेली आहे.

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याला बेटांची दाट रांग आहे. बेटं आणि जमीन यांच्या मधलं पाणी शांत असतं, मोठ्या लाटा बेटांवरच अडतात. त्यामुळे १८८० नंतर तिथे उन्हाळ्यात हौशी प्रवाशांच्या आगबोटी जायला लागल्या. एलायझा सिडमोर नावाची अमेरिकन बाई १८८३ साली अशाच एका बोटीने गेली आणि तिने प्रवासावर पुस्तक लिहिलं. ते वाचून आणखी माणसं निघाली.

बोट धक्क्याला लागली की त्लिंगित बाया ओळीने बसलेल्या असायच्या. पुढ्यात टोपल्या. या टोपल्या स्प्रूस नावाच्या झाडाच्या मुळांच्या. मुळं खणून काढायची, विस्तवावर भाजायची, साल ओढून काढायची, उभी चिरायची, भिजवायची आणि मग विणायची. वीण इतकी घट्ट की टोपलीत पाणी राहायचं. पूर्वी तर त्यात पाणी भरून, तापलेले दगड टाकून अन्न शिजवत. प्रवासी यायला लागले तशा बायांनी त्यांच्या आवडीच्या वस्तू केल्या. लहान टोपल्या, झाकणाच्या टोपल्या, काचेच्या बाटलीभोवती विणलेलं वेष्टण. भाव करण्यात या बाया पक्क्या होत्या, असं त्या वेळच्या प्रवाशांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे घरातली कला बाजारात न्यायची, गिऱ्हाईक ओळखायचं आणि पैसे मोजून घ्यायचे, हे त्या बायांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या नवराबायकोकडे येऊ.

नवऱ्याचं नाव एडवर्ड हॅरिमन. अमेरिकेतल्या रेल्वेचे बडे मालक. युनियन पॅसिफिक नावाची मोडकळीला आलेली रेल्वे त्यांनी हातात घेतली होती आणि तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला होता. शरीर थकलं. डॉक्टर म्हणाले, आता मोठी विश्रांती घ्या. बायकोचं नाव मेरी हॅरिमन. पदरी पाच मुलं, मोठी मुलगी सतरा वर्षांची, धाकटा अगदी लहान. हॅरिमनसाहेबांनी ठरवलं, सगळ्या घराला घेऊन अलास्काला जायचं. त्यांची एक इच्छाही होती. तिथल्या कोडिअक बेटावर जगातली सगळ्यात मोठी तपकिरी अस्वलं असतात, त्यातलं एक मारायचं.

पण एवढी मोठी बोट घरच्यांपुरती नेऊन काय करायचं? म्हणून त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन हार्ट मेरिअम नावाच्या शास्त्रज्ञाला गाठलं आणि सांगितलं, तुम्ही देशातली उत्तम माणसं निवडा, खर्च माझा. मग झाडं जाणणारे, पक्षी जाणणारे, हिमनद्या जाणणारे, चित्रकार, फोटोग्राफर असे सगळे गोळा झाले. त्यात जॉन म्यूर होते, ज्यांनी अमेरिकेतली रानं राखण्यासाठी आयुष्य घातलं. एडवर्ड कर्टिस नावाचा तरुण फोटोग्राफर होता. ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ ही आगबोट नव्याने सजवली. खलाशी धरून १२६ माणसं. बोटीवर शेकडो पुस्तकं, पियानो, तबकडीऐवजी मेणाच्या नळकांड्यावर आवाज भरणारं यंत्र, खाण्यासाठी मेंढरं, कोंबड्या, आणि दुधासाठी चक्क एक गाय. ३१ मे १८९९ रोजी बोट सिएटल बंदरातून निघाली.

दोन महिन्यांत त्यांनी सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर प्रवास केला. सगळं सांगत बसले तर कार्यक्रमाची वेळ संपेल, म्हणून मोजकंच सांगते.

याकुतात नावाच्या ठिकाणाजवळ, बर्फाळ खाडीच्या काठी, त्लिंगित कुटुंबांचा तळ होता. उन्हाळ्यात ते सील मारायला तिथे येत. सील म्हणजे समुद्रात राहणारा, दूध पाजणारा प्राणी. पुरुष होडीतून शिकार आणत आणि बाया ती सोलत, चरबी वेगळी करत, तेल काढत. हिवाळाभराची बेगमी ती. कर्टिस यांनी त्या बायांचे फोटो काढले. आपल्याकडे पावसाळ्याआधी सांडगे, पापड, लोणची होतात ना, तसाच हंगाम. फक्त इथे चुकलं तर हिवाळ्यात उपाशी राहायची पाळी.

पुढे प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या मोठ्या आखातात त्यांना डोंगरात घुसलेली एक चिंचोळी खाडी दिसली. नकाशावर ती नव्हतीच. हिमनदीच्या कड्याजवळून वाट काढत बोट आत घातली. तिला हॅरिमन यांचंच नाव पडलं. शेजारच्या खाडीतल्या हिमनद्यांना त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं दिली. एका बाजूच्या हिमनद्यांना पुरुषांच्या कॉलेजांची, आणि दुसऱ्या बाजूच्या हिमनद्यांना स्मिथ, वेलस्ली, व्हासार अशी बायकांच्या कॉलेजांची. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मतदानाचाही हक्क नव्हता, पण बर्फावर त्यांच्या कॉलेजांची नावं कोरली गेली. ती आजही नकाशात आहेत. मात्र त्या जागांना आधीपासून तिथल्या लोकांची नावं असतील, हा विचार कुणी केलेला दिसत नाही.

त्याच आखातात ऑर्का इथे सामन मासा डबाबंद करण्याचा कारखाना त्यांनी पाहिला. शास्त्रज्ञांपैकी जॉर्ज ग्रिनेल यांनी लिहून ठेवलं, की असाच वारेमाप मासा उपसला तर तो संपेल, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्या स्थानिकांचे हाल होतील. मौजेच्या बोटीवरही डोळे उघडे ठेवणारी माणसं होती.

कोडिअक बेटावर हॅरिमनसाहेबांना अस्वल मिळालं. पिल्लू बरोबर असलेली मादी होती ती. आई आणि पिल्लू, दोन्ही मारली गेली.

मेरीबाईंचीही एक हौस होती. सायबेरिया बघायचा. एवढ्या वर आलोच आहोत तर समुद्रापलीकडे रशियाच्या भूमीवर पाय ठेवू. त्यांच्या इच्छेखातर बोट बेरिंगचा समुद्र ओलांडून सायबेरियाच्या किनाऱ्याला लागली. तिथे काही तास थांबून ती परत फिरली.

आता परतीची वाट. सहल जवळजवळ संपलेली. २६ जुलैला बोट अलास्काच्या दक्षिण टोकाला, केप फॉक्सजवळच्या एका गावापाशी थांबली. किनाऱ्याला लाकडी घरांची ओळ. घरांपुढे आभाळात गेलेले कोरीव खांब, त्यांवर अस्वल, गरुड अशा आकृत्या. आणि गावात माणूस नाही. धूर नाही, कुत्रं नाही.

बोटीवरच्यांनी ठरवलं, गाव ओसाड आहे, सोडून दिलेलं आहे. दिवसभर खलाशांनी खांब उपटले, दोर लावून किनाऱ्यावर ओढले आणि बोटीत चढवले. घरांतल्या कोरीव वस्तूही घेतल्या. मग सगळ्यांनी त्या वस्तूंसह फोटो काढून घेतला. जॉन म्यूर यांना हे पटलं नव्हतं. पण थांबवलं कुणी नाही. चार दिवसांनी, ३० जुलैला, बोट सिएटलला पोचली. सहल संपली. खांब आणि वस्तू निरनिराळ्या संग्रहालयांत गेल्या.

आता मला सांगा बायांनो, घरात माणूस नसलं म्हणजे घर बेवारस होतं का? ऊसतोडीला माणसं सहा-सहा महिने बाहेर जातात. दाराला कुलूप, अंगणात पाचोळा. म्हणून त्या घरातले देव कुणी उचलून नेले तर आपण काय म्हणू?

ते गाव रिकामं का होतं, तेही ऐका. गोऱ्या लोकांच्या बोटींबरोबर देवीची साथ आली होती. १८६२ सालची साथ तर फार भयंकर होती. त्या किनाऱ्यावरच्या गावांत घरंच्या घरं बसली. उरलेल्या माणसांनी विचार केला, मुलांना शाळा पाहिजे, थोडक्या माणसांनी विखरून राहण्यात अर्थ नाही. म्हणून १८९०च्या दशकात केप फॉक्सचे लोक शेजारच्या गावातल्या लोकांबरोबर एकत्र येऊन सॅक्समन नावाच्या नव्या गावी राहायला गेले. सॅक्समन काही जगाच्या पाठीवर नव्हतं, त्याच किनाऱ्यावर होतं. लोक जिवंत होते. बोटीवाल्यांना विचारायचंच असतं, तर विचारता आलं असतं.

आणि ते खांब म्हणजे काय? इंग्रजीत त्यांना टोटेम म्हणतात. आपल्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे लग्नात देवक बसवतात. कुणाचं देवक वड, कुणाचं कळंब, कुणाचं पाच झाडांची पानं. ते कुळाचं असतं. त्लिंगितांचंही तसंच. कुणाचं कुळ अस्वलाचं, कुणाचं गरुडाचं. फरक एवढाच, की त्यांच्यात कूळ आईकडून येतं. मूल आईच्या कुळाचं. खांब, घर, कुळाची गोष्ट, कुळाचं गाणं हे सगळं कुळाच्या सामाईक मालकीचं. एका माणसाला ते विकता येत नाही, देऊनही टाकता येत नाही. कोणता खांब गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा, कोणता घराचा, हे त्या त्या कुळाला ठाऊक असतं.

केप फॉक्सच्या खांबांत अस्वलाच्या कुळाचाही खांब होता. त्यावर काट्स नावाच्या माणसाची गोष्ट होती, ज्याने अस्वलीणीशी संसार केला. आता बघा, त्याच सहलीत पिल्लाची आई असलेली अस्वलीण मारली गेली आणि अस्वलाला सोयरा मानणाऱ्यांचा खांबही गेला. बोटीवरच्या माणसांसाठी दोन्ही सहलीच्या आठवणी होत्या.

मैत्रिणींनो, हॅरिमन नवराबायको दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी खर्च केलेल्या पैशातून अलास्काच्या निसर्गावर जाडजूड ग्रंथ निघाले. १९०९ मध्ये एडवर्ड वारले, तरी मेरीबाईंनी ग्रंथांचं ते काम चालू ठेवलं. १९१० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्याला दहा हजार एकर जमीन लोकांच्या उद्यानासाठी दिली. चांगली शिकलेली, दानधर्म करणारी माणसं होती. म्हणूनच ही गोष्ट महत्त्वाची. चोर रात्री येतो तेव्हा आपण सावध असतो. पण भली माणसं दिवसाढवळ्या येऊन, फोटो काढत, ‘हे कुणाचंच नाही’ असं म्हणून उचलतात, तेव्हा त्यांना स्वतःलाही चोरी वाटत नाही.

पुढे काय झालं? खांब संग्रहालयांत उभे राहिले. बघायला येणारे वाहवा करून जात. सॅक्समनमधले लोक मात्र विसरले नाहीत. खांब कुठून गेले, कोणत्या कुळाचे होते, हे आजीने नातीला सांगितलं, नातीने पुढे सांगितलं.

१९७१ साली अमेरिकेत एक कायदा झाला. अलास्काच्या मूळ लोकांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, आणि गावोगावी त्यांच्या स्वतःच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या कंपनीचे भागधारक गावातलेच लोक. सॅक्समनच्या कंपनीने आपल्या जुन्या गावाचंच नाव घेतलं, केप फॉक्स. १९९० मध्ये दुसरा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळ लोकांच्या वस्तूंच्या याद्या करायच्या, आणि कबरीवरच्या, पवित्र किंवा समाजाच्या सामाईक मालकीच्या वस्तू मागणी आली तर परत द्यायच्या. सामाईक मालकी हा शब्द कायद्यात आला, हे फार मोठं झालं. एका माणसाला विकता न येणारी वस्तू असते, ही त्लिंगितांची जुनी समजूत आता कायद्याने मानली.

मागणी करायची तर पुरावा लागतो. सॅक्समनकडे तो दोन प्रकारचा होता. एक, घराघरांत जपलेली आठवण. दुसरा, बोटीवरच्यांनी स्वतः काढलेले फोटो. हौसेने काढलेला फोटोच सांगत होता, कुठल्या गावातून काय उचललं.

जुलै २००१ मध्ये त्याच वाटेने एक नवी बोट निघाली. स्मिथ कॉलेजच्या पुढाकाराने जुन्या सहलीच्या मार्गावर शास्त्रज्ञ पुन्हा जाणार होते, शंभर वर्षांत काय बदललं ते बघायला. त्याच प्रवासाच्या निमित्ताने शिकागो, हार्वर्ड, कॉर्नेल, सिएटल अशा ठिकाणच्या संग्रहालयांतून केप फॉक्सचे खांब आणि वस्तू परत आणल्या गेल्या. सॅक्समनजवळच्या केचिकन शहरात समारंभ झाला. लोकांनी खांबांना ‘वस्तू आल्या’ म्हटलं नाही. पूर्वज घरी आले असं म्हणून, गाणी म्हणत आणि नाचत त्यांचं स्वागत केलं. १८९९ ते २००१. चार पिढ्या.

आणि यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. केप फॉक्सच्या लोकांनी आपल्या जंगलातली सीडर झाडं संग्रहालयांना भेट दिली. हार्वर्डच्या आणि शिकागोच्या संग्रहालयांत त्या लाकडांतून त्लिंगित कारागीर नेथन जॅक्सन यांनी नवे खांब कोरले. ज्यांनी नेलं, त्यांच्या दारात रिकामी जागा राहू दिली नाही. पण आता तो खांब दिलेला होता, उचललेला नव्हता. खांब तोच दिसला, तरी हा फरक सगळ्यांत मोठा.

आजही अलास्काला बर्फ बघायला बोटी जातात. दर उन्हाळ्यात पंधरा लाखांहून अधिक प्रवासी येतात. सगळ्या अलास्काची वस्ती त्याच्या निम्मीच आहे. राजधानी जुनोमध्ये गर्दी इतकी झाली, की २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटींना परवानगी देतात. आणि सॅक्समन? तिथे टोटेम खांबांचं उद्यान आहे. बोटीवरची जोडपी तिकीट काढून गावात येतात. गावातलाच माणूस खांब दाखवतो, गोष्ट सांगतो. जेवढी सांगायची तेवढीच. पैसा गावाच्या कंपनीकडे जातो. धक्क्यावर टोपल्या घेऊन बसणाऱ्या त्या बायांनी जे सुरू केलं होतं, आमची वस्तू, आमचा भाव, तेच आज मोठ्या प्रमाणावर चाललंय.

मैत्रिणींनो, आपल्याही गावात हल्ली पाहुणे येतात. कुणी किल्ला बघायला, कुणी धबधबा बघायला, कुणी हुरडा खायला, कुणी जात्यावरच्या ओव्या मोबाइलमध्ये भरून घ्यायला. यावं त्यांनी, चार पैसे आपल्यालाही मिळावेत. पण गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर बोला. आपल्या गावात कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं, सगळ्यांचं असं काय काय आहे? देवराई, बारव, वीरगळ, एखादी जुनी मूर्ती, आजीला येणारी गाणी. ते कुणाकुणाचं आहे हे कुणाला माहीत आहे? माहीत असणाऱ्या बाईचं वय आज किती? वहीत लिहून ठेवा, तारीख घाला, फोटो काढून ठेवा. सॅक्समनच्या लोकांना शंभर वर्षांनी जे उपयोगी पडलं, ते एवढंच होतं.

आणि आपण स्वतः कधी सहलीला निघालो, पंढरपूरला असो, कोकणात असो, नाहीतर कुणाची लेक परदेशात असेल तर थेट बर्फात असो, तरी रिकाम्या दिसणाऱ्या अंगणात पाय टाकण्याआधी शेजारी विचारायचं. घर कुणाचं आहे, बाई?

पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.